पत्र्यावर लिहिण्याचा हक्क

घरी सिंथेसायझर बांधणाऱ्यांचा इतिहास आजवर सर्किटांचा इतिहास म्हणूनच लिहिला गेला आहे. कोणी कोणता ऑसिलेटर काढला, कोणाचा फिल्टर कोणी उतरवून घेतला, कोणत्या मासिकात कोणती आकृती छापून आली, एवढ्याच मापाने तो मोजला जातो. त्या सर्किटापुढे उभा असणारा दोन मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, त्यावरची भोके आणि भोकांभोवतीची अक्षरे यांना त्या इतिहासात फारशी जागा नाही. फार तर 'शेवटची सजावट' म्हणून उल्लेख येतो. मला हे मोजमाप चुकीचे वाटते. १९७०च्या दशकात सर्किटाचे ज्ञान कारखान्यातून बाहेर पडून स्वयंपाकघराच्या टेबलापर्यंत आले, ही गोष्ट खरी. पण धातूवर टिकाऊ अक्षर उमटवण्याचे साधन त्यानंतरही कित्येक वर्षे कारखान्याकडेच राहिले. हौशी माणूस वाद्य बांधू शकत होता, पण आपल्या वाद्याला काय म्हणायचे ते त्याच्यावर पक्के लिहू शकत नव्हता. ही उणीव भरून निघाली ती लेझर स्वस्त झाल्यावर, आणि घरगुती सिंथेसायझरच्या इतिहासातला तो बदल नव्या चिपांइतकाच मोठा आहे.

हे पटण्यासाठी आधी पॅनल काय काम करते ते पाहावे लागेल. १९६४ मध्ये रॉबर्ट मूग याने संगीतकार हर्बर्ट डॉइच याच्या सोबतीने मॉड्यूलर सिंथेसायझरचा पहिला नमुना बांधला आणि त्याच वर्षी न्यू यॉर्कला ऑडिओ इंजिनियरांच्या अधिवेशनात तो दाखवला. मॉड्यूलर याचा अर्थ असा की आवाज निर्माण करणारा भाग, तो गाळणारा भाग, त्याला चढउतार देणारा भाग हे सगळे सुटे डबे असतात, आणि वाजवणारा केबल लावून त्यांना हवे तसे जोडतो. पेटीची पट्टी दाबली की कोणता सूर येणार हे पट्टीच्या जागेवरून कळते. मॉड्यूलरमध्ये एकसारखे दिसणारे वीस-तीस जॅक आणि तितकेच नॉब समोर असतात, आणि त्यांतला कोणता काय करतो हे सांगणारी एकमेव गोष्ट म्हणजे त्याच्याशेजारचे अक्षर. मूगच्या पॅनलांवर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी, प्रयोगशाळेतल्या उपकरणासारखी नेमकी अक्षरे होती. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्को टेप म्युझिक सेंटरमध्ये संगीतकार मॉर्टन सुबॉटनिक आणि रॅमोन सेंडर यांच्यासाठी डॉन बुक्ला जे यंत्र बांधत होता, त्याच्या पॅनलची विचारसरणीच निराळी होती. आवाजाचे सिग्नल एका प्रकारच्या जॅकमधून, नियंत्रणाचे व्होल्टेज दुसऱ्या प्रकारच्या जॅकमधून, अशी फाळणी त्याने पत्र्यावरच करून टाकली. पुढे त्याने आपल्या एका मॉड्यूलला 'सोर्स ऑफ अनसर्टन्टी', म्हणजे अनिश्चिततेचा स्रोत, असे नाव दिले. आत ट्रान्झिस्टरच होते. पण वाजवणाऱ्याने त्याच्याकडे कसे पाहावे हे त्या नावाने ठरवले.

सर्ज चेरेपनिनने ही गोष्ट आणखी पुढे नेली. कॅलिफोर्नियाच्या कॅलआर्ट्स या कलासंस्थेत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, विद्यार्थ्यांना परवडेल अशा किमतीत मॉड्यूलर मिळावे म्हणून त्याने आपली प्रणाली सुरू केली. अनेकांनी ती स्वतःच्या हाताने सोल्डर करून बांधली. त्याच्या जॅकांना रंग होते: काळे आवाजासाठी, निळे नियंत्रणाच्या व्होल्टेजसाठी, लाल ठोक्यांसाठी. त्याचे एक मॉड्यूल, 'युनिव्हर्सल स्लोप जनरेटर', केबल जशी लावाल त्याप्रमाणे कधी चढउतार देणारे, कधी सावकाश झुलणारे, तर कधी थेट सूर देणारे होते. एकाच सर्किटाची इतकी रूपे असतील तर पत्र्यावर त्याचे काम लिहायचे तरी कसे? चेरेपनिनने रेषा, आकार आणि रंग यांची एक लिपीच बसवली. तिच्याशिवाय ते सर्किट कोणाच्या हातात दिले असते तर त्याला त्यातले निम्मेही सापडले नसते. या सुरुवातीच्या पॅनलांवरची चित्रे कागदावर होती आणि तो कागद पत्र्यावर चिकटवलेला होता. संग्राहक आजही त्यांना 'पेपरफेस' म्हणून ओळखतात. जनतेसाठी सिंथेसायझर बांधू पाहणाऱ्या माणसालाही धातूवर थेट लिहिणे त्या वेळी सहज हाताशी नव्हते, यापेक्षा बोलका पुरावा माझ्यापाशी नाही.

सर्किटे मात्र त्या दशकात खरोखरच मोकळी झाली. अमेरिकेत इथाका गावातून बर्नी हचिन्स १९७२ पासून 'इलेक्ट्रोनोट्स' काढू लागला, आणि त्यात सिंथेसायझरच्या गणितापासून आकृतीपर्यंत सगळे उघड केले. ओक्लाहोमा शहरातली जॉन सायमन्टनची पाया ही कंपनी टपालाने किट पाठवत होती. इंग्लंडमध्ये 'प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्स'ने मिनीसॉनिक छापला, 'इलेक्ट्रॉनिक्स टुडे इंटरनॅशनल'ने टिम ऑरचा ट्रान्सेन्डंट २००० छापला, आणि मूळच्या डच 'एलेक्टर' मासिकाने १९७७-७८ मध्ये 'फॉर्मंट' हा अख्खा मॉड्यूलर लेखमालेतून उभा केला. हेच मासिक १९८०च्या दशकात मुंबईतून भारतीय आवृत्तीच्या रूपाने निघू लागले आणि इथल्या हौशी मंडळींना ओळखीचे झाले. या साऱ्या छपाईत एक गोष्ट डोळ्यांत भरते. सर्किट बोर्ड घरी कसा कोरायचा, फेरिक क्लोराइडमध्ये किती वेळ ठेवायचा, सोल्डर कसे मारायचे हे वाचकाला पायरीपायरीने शिकवले जाई. पॅनलच्या बाबतीत मात्र 'एलेक्टर' फॉर्मंटसाठी छापील पॅनले तयारच विकत असे. जे शिकवता येत नव्हते ते विकावे लागत होते.

ज्यांना विकत घ्यायचे नव्हते त्यांच्याकडे मार्ग होते, पण एकही धड नव्हता. डायमोच्या पट्टीवर उठावाची अक्षरे दाबून चिकटवता येत. पट्टी नऊ मिलिमीटर रुंद, नॉबांमधली जागा तेवढी नाही, आणि वर्षभरात कोपरे सुटू लागत. स्कॉचकाल नावाचा प्रकाशसंवेदी पातळ पत्रा मिळे. त्यासाठी मूळ मापाची फिल्म काढा, अतिनील प्रकाशात धरा, रसायनात धुवा आणि मग खऱ्या पॅनलवर डाग न पडता, फुगा न येता चिकटवा, एवढा खटाटोप. सगळ्यांत जास्त वापरले गेले ते लेट्रासेट. पारदर्शक कागदाच्या पाठीमागे अक्षरे असत. कागद पत्र्यावर ठेवून बॉलपेनच्या बोथट टोकाने अक्षर घासायचे, की ते सुटून धातूवर बसे. एक एक अक्षर. 'फ्रिक्वेन्सी'साठी इंग्रजीत नऊ वेळा, आणि ओळ सरळ राहावी म्हणून पेन्सिलीची रेघ आधी आखून, नंतर पुसून. वर लाखेचा फवारा मारायचा. तो ओला बसला तर अक्षरे विरघळून पसरत, कोरडा बसला तर दोन वर्षांत नॉबशी येणारा अंगठा त्यांना घासून टाके. त्या काळची घरगुती यंत्रे आज पाहिली तर सर्किट चालू असते आणि ज्या नॉबला सर्वांत जास्त हात लागला त्याचेच नाव पुसलेले असते. कारखान्यांकडे याला दोन उत्तरे होती. एक म्हणजे पॅन्टोग्राफने खोदून रंग भरणे, दुसरे म्हणजे स्क्रीन प्रिंटिंग. दोन्ही उत्तम. पण स्क्रीनची जाळी एकदा ताणली, फिल्म काढली, की खर्च शंभर पॅनलांवर वाटला तरच परवडतो. एकच नग बांधणाऱ्याला ते गणित बसत नाही, आणि घरी बांधणारा नेमका एकच नग बांधतो.

लेझरची गोष्ट इथे येते, आणि तिचा एक धागा महाराष्ट्रातून निघतो. मूगने आपला नमुना दाखवला त्याच १९६४ साली अमेरिकेच्या बेल लॅब्जमध्ये सी. कुमार एन. पटेल यांनी कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारा लेझर काढला. पटेल यांचा जन्म बारामतीचा, इंजिनियरिंगचे शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले. आज लाकूड, अ‍ॅक्रिलिक, चामडे कापणाऱ्या छोट्या दुकानांतले बहुतेक लेझर याच जातीचे आहेत. या लेझरच्या किरणाची तरंगलांबी सुमारे १०.६ मायक्रोमीटर असते, आणि उघडे अ‍ॅल्युमिनियम तो किरण जवळजवळ सगळाच परत फेकते. जो थोडा शोषला जातो त्याची उष्णताही पत्रा लगेच पसरवून टाकतो. त्यामुळे दुकानातला साधा लेझर कोऱ्या अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडासुद्धा काढू शकत नाही. पण पॅनलाला काळे अ‍ॅनोडायझिंग केलेले असेल तर चित्र पालटते. अ‍ॅनोडायझिंगमध्ये पत्रा सल्फ्युरिक आम्लात बुडवून त्यातून वीज सोडतात. पृष्ठभागावर काही मायक्रोमीटर जाडीचा सच्छिद्र ऑक्साइडचा थर चढतो, त्या छिद्रांत रंग मुरवतात आणि उकळत्या पाण्यात छिद्रांची तोंडे बंद करतात. हा थर लेझर शोषतो. किरण जिथून फिरतो तिथला रंग जळून जातो आणि काळ्यावर फिकट, जवळजवळ पांढरे अक्षर उमटते. खाली ऑक्साइड बराचसा तसाच राहतो, म्हणून ते अक्षर अंगठ्याने घासले जात नाही. १९६०च्या दशकातल्या मूगचा काळा-पांढरा चेहरा हौशी माणसाला हुबेहूब मिळतो, आणि त्यासाठी ना जाळी लागते, ना शाई, ना शंभर नग.

प्रत्यक्ष काम फार साधे आहे, आणि त्या साधेपणातच त्याचे महत्त्व आहे. दोन मिलिमीटरचा अ‍ॅनोडाइज्ड पत्रा १२८.५ मिलिमीटर उंचीचा कापून घ्यायचा. संगणकावर रेषाचित्र काढायचे: अक्षरे, नॉबभोवतीचे मापनाचे काटे, जॅकांना जोडणाऱ्या रेघा. हा लेझर अ‍ॅल्युमिनियम कापू शकत नाही, तेव्हा भोके ड्रिलनेच पाडावी लागतात. पण त्यांच्या केंद्रांवर बारीक फुली मात्र लेझरच काढून देतो. त्या फुलीत सेंटर पंच टेकवून आधी बारीक भोक, मग जॅकसाठी सहा मिलिमीटरचे, पोटेन्शिओमीटरसाठी सातचे. सगळी कसोटी असते ती पत्रा लेझरच्या टेबलावर बसवण्याची. तो अर्धा मिलिमीटर तिरका बसला तर नॉबभोवतीचे काटे भोकाशी एककेंद्री राहत नाहीत, आणि डोळ्याला ते लगेच खुपते. म्हणून जाणते लोक आधी टेबलावर पुठ्ठा ठेवून त्यातच पॅनलाच्या आकाराची खाच लेझरने कापतात आणि पत्रा त्या खाचेत बसवतात. एका पॅनलाला काही मिनिटे. चूक झाली तर एक पत्रा वाया, इतकेच.

यात १२८.५ हा आकडा आला तो जर्मनीतून. म्युनिकजवळच्या डीटर डोएप्फरने १९९५ मध्ये ए-१०० ही प्रणाली काढताना कारखान्यांतल्या यंत्रांसाठी आधीच ठरलेली रॅकची मापे उचलली: तीन युनिट उंची, ५.०८ मिलिमीटरच्या एकेका घराच्या पटीत रुंदी. यालाच पुढे युरोरॅक नाव पडले आणि शेकडो लहानमोठ्या उत्पादकांनी तेच माप धरले. हे माप नसते तर घरच्या लेझरला इतके काम मिळाले नसते, कारण मग प्रत्येकाचे पॅनल फक्त त्याच्या स्वतःच्याच पेटीत बसले असते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप वाजवणाऱ्यांचाच: आपल्या यंत्रावर काय कुठे आहे हे हाताला पाठ होते, अक्षरे लागतात कशाला? एकट्याने बांधलेल्या, एकट्यानेच वाजवलेल्या यंत्रापुरते हे खरे आहे. पण वाद्य हातातून हातात जाते. ते विकले जाते, शिष्याला मिळते, दहा वर्षे माळ्यावर पडून पुन्हा खाली येते. बांधणाऱ्याच्या आठवणीवर उभे असलेले वाद्य त्याच्याबरोबरच मुके होते. शिवाय बुक्ला आणि चेरेपनिन यांच्या उदाहरणांतून दिसते की अक्षर ही फक्त आठवणीची सोय नाही. ते वाजवणाऱ्याला एका विचाराकडे वळवते. ज्याला स्वतःचे सर्किट काढता येते पण त्याचे नाव आणि त्याची मांडणी ठरवता येत नाही, तो अर्धाच वाद्यकार आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लेझरच्या आधीही बाहेरून काम करून घेता येत होते, आणि आज तर लेझरपेक्षा स्वस्त पर्याय आहेत. बर्लिनची शेफर कंपनी स्वतःचे संगणकी आराखड्याचे साधन विनामूल्य देते. त्यात पॅनल काढून पाठवा, ते यंत्रावर कापून, कोरून, रंग भरून एक नगसुद्धा घरपोच येतो. त्याहून स्वस्त म्हणजे सर्किट बोर्डाच्या कारखान्याकडूनच फायबरग्लासचे पॅनल करून घेणे; काळा किंवा पांढरा लेप, पांढरी छपाई, हवे तर सोन्याचा मुलामा दिलेले तांबे. घरगुती युरोरॅकमध्ये आज असे बोर्ड सर्रास दिसतात. हे मी नाकारत नाही. उलट त्यातून माझे म्हणणे पक्केच होते: एक नग परवडू लागला त्याच क्षणी हौशी मंडळींनी लेट्रासेट टाकून दिले, म्हणजे अडचण इच्छेची नव्हती, साधनाचीच होती. तरीही या दोन्ही मार्गांत काम दूर जाते. चित्र पाठवायचे, आठवडा-दोन आठवडे वाट पाहायची, आणि नॉबचे नाव चुकले हे पार्सल उघडल्यावर कळते. लेझरपाशी चूक समोर दिसते आणि त्याच संध्याकाळी दुरुस्त होते. वाद्याचा चेहरा वाजवून पाहत, बदलत बदलत घडवायचा असेल तर हा फरक निर्णायक ठरतो. फायबरग्लास काही धातू नव्हे, हेही सांगायला हवे. जॅकचे नट वर्षानुवर्षे घट्ट करत राहिले की तो बोर्ड वाकू शकतो, अ‍ॅल्युमिनियम तितके वाकत नाही.

तिसरा आक्षेप असा की ही मुक्ती अर्धवट आहे: अ‍ॅनोडायझिंगचे आम्लकुंड तर कारखान्यातच राहिले, आणि लेझर यंत्रही कोणी घरी ओतून काढत नाही. अ‍ॅनोडायझिंगबद्दल हे मान्य. काळ्या पत्र्यासाठी बाहेर जावेच लागते, आणि ज्या गावात एक पत्राही रंगवून देणारा अ‍ॅनोडायझर नाही तिथल्या माणसाला आधी स्प्रेने रंगवलेला पत्रा घेऊन लेझरने रंगच उडवण्यावर भागवावे लागते. ती अक्षरे कमी टिकतात. फायबर लेझर, ज्याची तरंगलांबी सुमारे १.०६ मायक्रोमीटर असते, कोऱ्या अ‍ॅल्युमिनियमवरही लिहितो, म्हणून ही अडचण कमी होत चालली आहे. पण ते यंत्र अजून महाग आहे. लेझर यंत्राच्या मालकीबद्दल मात्र आक्षेप तितका लागू पडत नाही. चाळीस वॅटचे चिनी यंत्र आता हौशी क्लबांना परवडते, आणि त्याआधीच सामायिक कार्यशाळांनी वाट दाखवली होती. एमआयटीबाहेरच्या पहिल्याच फॅब लॅबांपैकी एक २००२ मध्ये पुण्याजवळच्या पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी उभारलेल्या विज्ञान आश्रमात सुरू झाली. लेझर कटर हा अशा प्रयोगशाळांचा ठरलेला भाग. तिथला हेतू शेतीची आणि गावाची उपकरणे घडवण्याचा होता, वाद्यांचा नव्हे. पण स्क्रीन प्रिंटिंगचा कारखाना एका सर्किटासाठी आपले दार उघडत नाही आणि सामायिक लेझर मात्र उघडतो, हा भेद तिथेच स्पष्ट होतो.

भारतापुरते बोलायचे तर या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग बसवला. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा यांनी त्यावर काही वर्षे काम केले. त्यांच्या ध्वनिफिती आज पुन्हा ऐकायला मिळतात. त्यांच्यासमोरचे यंत्र अमेरिकेतल्या ट्रुमन्सबर्ग गावातून पूर्ण लिहून आले होते. ऑसिलेटरवर पाश्चात्त्य कीबोर्डच्या हिशेबाने अष्टकाला एक व्होल्ट हे माप होते, श्रुतीचे नव्हते. ते त्यांनी आपल्या कानाने वळवून घेतले. आज कोणी पुण्यात वा नागपुरात बसून बावीस श्रुतींवर थांबणारे मॉड्यूल बांधले, तर त्याच्या नॉबभोवती बारा काट्यांऐवजी बावीस काटे आखायला त्याला कोणाची परवानगी लागणार नाही, आणि नावे देवनागरीत लिहायलाही नाही. लेझरला लिपी कळत नाही, रेषा कळते. फक्त मापाची काळजी घ्यावी लागेल. लहान लेझरचा ठिपका साधारण एक दशांश ते दोन दशांश मिलिमीटर रुंद असतो, आणि दोन मिलिमीटर उंचीच्या रोमन अक्षरात तो सहज सामावतो. त्याच उंचीत देवनागरी लिहिली तर शिरोरेषा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात; 'मंद्र' वाचता येत नाही. अक्षर तीन मिलिमीटरचे केले की वाचता येते, आणि तेवढ्या अक्षरासाठी मॉड्यूल दोन घरांनी, म्हणजे १०.१६ मिलिमीटरने, रुंद धरावे लागते.